भावना उसळण्याआधी पकडायच्या कशा: सजगतेच्या सरावाचा नेमका क्रम

‘माइंडफुलनेस करून पाहिलं, माझ्या रागापुढे त्याचं काही चालत नाही,’ असं सांगणाऱ्या बहुतेकांनी सजगतेचा हा सराव पहिल्यांदा वापरलेला असतो ऐन भांडणात. समोरचा बोलतोय, कानशिलं तापलीत आणि तेवढ्यात कुठेतरी वाचलेलं आठवतं: दीर्घ श्वास घ्या. श्वास घेतला जातो, पण असा की समोरच्याला तो वैतागाचा उसासाच वाटावा. भांडण आणखी पेटतं. मग हे सगळं थोतांड आहे, असा निष्कर्ष काढून माणूस मोकळा होतो.

यात गडबड असते ती क्रमाची. खाली सात टप्पे दिले आहेत. पहिले तीन शांत वेळी करायचे, चौथा ऐन वेळचा, उरलेले तीन भर ओसरल्यावरचे. लोक थेट चौथ्यावर उडी मारतात आणि पहिल्या तिघांशिवाय चौथा जमत नाही.

एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्या. या सरावाने राग, भीती, असूया येणं बंद होत नाही आणि ते बंद करायचंही नाही. भावना उठणं आणि आपण तोंड उघडणं या दोहोंमध्ये थोडी उसंत मिळवायची, काम एवढंच आहे.

## सुरू करण्याआधी: हे कोणी एकट्याने करू नये

घरात मारहाण किंवा धमक्या होत असतील तर स्वतःच्या प्रतिक्रियेवर काम करत बसण्याची ही वेळ नाही. आधी सुरक्षित होणं महत्त्वाचं. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. जुन्या आघाताच्या आठवणी अचानक अंगावर येत असतील, भास होत असतील, जीव नकोसा झाला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

शरीराचीही एकदा चौकशी करा. थायरॉइड वाढलेला असला तरी माणूस चिडचिडा होतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला जेवणाआधी अचानक संताप येत असेल, हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर ध्यानाला बसू नका. आधी साखर तपासा, ती उतरलेली असू शकते. आणि सलग चार रात्री पाच तास झोपून पाचव्या दिवशी ‘मी इतका का चिडतो’ याचा शोध घेण्यात फारसा अर्थ नाही. आधी झोपा.

## तयारी: एक प्रसंग, एक वही, एक वेळ

‘मला माझा स्वभाव सुधारायचाय’ हे सरावासाठी फार मोठं काम आहे. एकच प्रसंग निवडा, वारंवार घडणारा आणि मध्यम तीव्रतेचा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे तोल सुटणं, असं धरलं तर चार ते सहाच्या दरम्यानचा. मुलाचा अभ्यास घेणं, सोसायटीतल्या पार्किंगची कटकट, रात्री उशिरा येणारे ऑफिसचे मेसेज, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे टोमणे. सासू-सुनेचं पंधरा वर्षांचं वैर किंवा भावाशी चाललेला जमिनीचा वाद सुरुवातीला घेऊ नका. लोक नेमका तोच घेतात, कारण खुपत तोच असतो.

वही ठेवा. मोबाइलही चालेल, पण मोबाइल हातात घेतला की आपण नोंद करायची विसरून भलतंच बघत बसतो. नोंद लहान हवी: कधी, काय घडलं, शरीरात कुठे काय झालं, भावना कोणती आणि किती, काय करावंसं वाटलं, प्रत्यक्षात काय केलं. एक नमुना:

*मंगळवार, रात्री साडेआठ. सातचा पाढा घेत होते. ‘सात आठ्ठे’ला पुन्हा अडला आणि हसला. जबडा आवळलेला, मान गरम. चीड, दहापैकी सहा. पुस्तक आपटावंसं वाटलं. आपटलं.*

एवढं पुरे. त्यात ‘मी किती वाईट आई आहे’ हे लिहायचं नाही. ती वेगळी भावना झाली. लिहायचीच असेल तर तिच्यासाठी वेगळी ओळ.

वेळ ठरवा, रोज दहा मिनिटं. ‘सकाळी जमेल तेव्हा’ असं म्हटलं की ते जमत नाही. रोज होणाऱ्या एखाद्या कामाला ती जोडा: दात घासून झाल्यावर, चहाचं आधण ठेवण्याआधी, किंवा मुलं शाळेच्या बसमध्ये बसल्यावर. लोकलमध्ये बसायला जागा मिळत असेल तर तिथेही चालतं.

## टप्पा १: दहा मिनिटं बसणं

खुर्चीवर बसा किंवा मांडी घालून. पाठ सरळ, पण ताठ नको. डोळे मिटा किंवा अर्धवट उघडे ठेवून समोरच्या फरशीवर स्थिरावू द्या. गजर लावा आणि फोन हात पोचणार नाही इतका लांब ठेवा. मग श्वास कुठे स्पष्ट जाणवतो ते शोधा, नाकपुड्यांशी की पोटाशी. एक जागा निवडली की ती बदलायची नाही.

श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही. जसा आहे तसा बघायचा. थोड्याच वेळात मन भाजी, ईएमआय, कालचं बोलणं यांपैकी कुठेतरी गेलेलं असेल. ते गेलंय हे लक्षात आलं की ‘विचार’ एवढंच मनात म्हणा आणि परत या. पुन्हा जाईल, पुन्हा या.

सगळा सराव या परत येण्यात आहे. ‘आपण वाहवत गेलो’ हे स्वतःच्या स्वतः लक्षात येणं, हेच कौशल्य पुढे भांडणात लागणार आहे. दहा मिनिटांत मन चाळीस वेळा भरकटलं आणि चाळीसदा तुम्ही परतलात तर बैठक वाया गेली नाही, उलट चाळीसदा सराव झाला.

इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या विपश्यना केंद्रांत दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वासच बघायला लावतात. शरीरातल्या संवेदनांकडे वळणं त्यानंतर. मौन पाळून, दिवसभर बसणाऱ्यांनाही जर पायरी गाळता येत नाही, तर आपल्या दहा मिनिटांत ती गाळण्याची घाई कशाला?

नेहमीच्या चुका: मन कोरं होण्याची वाट पाहणं, अंथरुणात पडून करणं (झोप लागते, आणि मग तीच सवय होते), मागे बासरीचं संगीत लावून त्यातच रमणं, एखादी बैठक छान झाली की दुसऱ्या दिवशी तोच अनुभव हुडकत बसणं.

इशारा: काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट गुदमरल्यासारखं होतं. त्यांनी श्वासाचा हट्ट धरू नये. तळपायांना लागणारी फरशी किंवा पंख्याचा आवाज यावर लक्ष ठेवलं तरी सराव तोच होतो. तरीही धडधड वाढली तर डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तू नजरेने टिपा आणि त्या दिवसापुरतं थांबा.

तपासा: कोणी न सांगता, गजर होण्याआधी, ‘अरे, मी भलतीकडेच होतो’ हे रोज दोन-तीनदा तरी लक्षात येतंय का? येत असेल तर पुढे जा. साधारण आठवडाभर लागतो, काहींना दोन.

## टप्पा २: शरीरातली पहिली खूण शोधणं

मेंदूला धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास वरवरचा होतो, स्नायू आवळले जातात. हे सगळं ‘मला राग आलाय’ हे वाक्य मनात उमटण्याआधीच सुरू झालेलं असू शकतं. म्हणून राग पकडायचा तर शब्दांत शोधून उशीर होतो. तो शरीरात शोधावा.

रोजच्या बैठकीतली शेवटची चार मिनिटं आता यासाठी वापरा. तळपायापासून सुरुवात करून पोटऱ्या, मांड्या, पोट, छाती, खांदे, हात, मान, जबडा, कपाळ अशा क्रमाने वर या. प्रत्येक ठिकाणी दोन श्वास थांबा. गरम, गार, जड, आवळलेलं, मुंग्या, काहीच नाही. जे असेल ते. ‘काहीच नाही’ हेसुद्धा उत्तर आहे.

मग वहीतले दोन-तीन प्रसंग घ्या आणि प्रत्येक प्रसंग स्फोटापासून उलटा आठवा. पुस्तक आपटलं. त्याआधी? आवाज चढला होता. त्याआधी? जबडा आवळला होता. त्याआधी? खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते, पाय हलत होता. त्याच्याही आधी? ‘ऐक’ हा शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला होता.

आपली पहिली खूण अशी सापडते आणि ती प्रत्येकाची निराळी असते. कोणाची जीभ टाळूला दाबली जाते. कोणाच्या पोटात खड्डा पडतो. कोणाचे हात गार पडतात, मग तो राग आहे की भीती हे तपासावं लागतं. काहींची पहिली खूण भाषेत असते: मनातल्या वाक्यांत ‘नेहमीच’, ‘कधीच’, ‘मुद्दाम’ हे शब्द शिरले की समजावं, गाडी सुटली.

छातीत धडधड, घशाशी आलेलं ओरडणं, डोळ्यांत पाणी, या उशिराच्या खुणा. त्या सगळ्यांनाच कळतात आणि म्हणूनच कमी कामाच्या असतात. तोवर वेळ गेलेली असते.

तपासा: ‘माझी पहिली खूण अमुक’ असं एका ओळीत लिहिता येतंय का? ‘मला खूप राग येतो तेव्हा कळतं’ हे उत्तर चालणार नाही. अजून दोन-तीन प्रसंगांची नोंद करा.

## टप्पा ३: भावनेला नेमकं नाव देणं

हा टप्पा लोक सर्वांत हलक्यात घेतात. ‘राग आला’ म्हटलं की झालं, असं वाटतं. पण त्या एका शब्दाखाली बरंच काही दडलेलं असतं आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. वैताग बहुधा थकव्यातून येतो. त्यावर विश्रांती लागते. चीड अडथळ्यातून येते. अपमान वाटला असेल तर माणूस ‘मला मान नाही’ यावर अडकलेला असतो. असूया, हिरमोड, रुसवा, खंत, धास्ती, हुरहुर, खजील होणं, कानकोंडं होणं, तगमग. रोजच्या बोलण्यात हे शब्द असतात, पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की आपण ‘टेन्शन’ आणि ‘डोकं फिरलं’ यांवर भागवतो.

करायचं असं. दिवसातून तीनदा, काही घडलेलं नसतानाही, स्वतःला विचारा: आत्ता काय आहे, कुठे आहे, किती आहे? उत्तर तीन तुकड्यांत: ‘हुरहुर आहे. पोटात. दहापैकी तीन.’ मोठ्याने म्हणायची गरज नाही. त्यावर उपायही करायचा नाही. नाव दिलं, पुढच्या कामाला लागलात.

वाक्याची घडण सांभाळा. ‘मी चिडका आहे’ म्हटलं की तो स्वभावावरचा शिक्का झाला. ‘चीड आहे’ म्हटलं की ती आत्ता आलेली, थोड्या वेळाने जाणारी गोष्ट राहते.

नाव देण्याचा परिणाम प्रयोगशाळेतही पाहिला गेला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भावनांनी भरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून त्या भावनेला शब्द निवडायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या, धोक्याची चाहूल घेणाऱ्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. यावरून ‘नाव दिलं की राग गेला’ असं समजू नका. धार थोडी बोथट होते, एवढं मिळतं आणि ऐन वेळी तेवढंही कामाला येतं.

राग सापडला तर त्याच्याखाली काही आहे का, हे एकदा उचलून बघा. पाढ्यांच्या प्रसंगात वर चीड होती. खाली बहुधा धास्ती सापडेल: पुढच्या आठवड्यात चाचणी आहे, हा मागे पडला तर? आणि त्याच्याही खाली दिवसभराचा थकवा. दर वेळी खाली काही असेलच असं नाही. काही राग सरळ रागच असतात, ते उकरत बसू नये.

या टप्प्यावर होणारी ठरलेली चूक म्हणजे आरोपाला भावना समजणं. ‘मला वाटतं, तुला माझी किंमत नाही’ यात भावना कुठेच नाही. समोरच्याच्या मनाबद्दलचा अंदाज आहे. कसोटी सोपी आहे: वाक्यात ‘त्याने’, ‘तिने’, ‘तुम्ही’ आले की तो विचार. भावना त्यांच्याशिवाय सांगता येते: ‘वाईट वाटतंय. एकटं वाटतंय.’

दुसरी चूक दुसऱ्याच्या भावनेला नाव देण्याची. नवीन शिकलेला माणूस उत्साहाने बायकोला सांगतो, ‘तू आत्ता चिडलेली आहेस, जरा सजग हो.’ याचा परिणाम काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

तपासा: आठवड्याच्या नोंदींत किमान पाच-सहा वेगळी नावं आली आहेत का? सगळीकडे ‘राग’ किंवा ‘टेन्शन’च असेल तर अजून आठवडाभर इथेच राहा.

## टप्पा ४: ऐन वेळी थांबणं

आता भांडणाकडे. थांबणं म्हणजे डोळे मिटून ध्यान लावणं नाही. समोरच्याला कळणारही नाही इतकी छोटी कृती ठरवायची आणि ती आधी पाठ करायची.

‘खूण दिसली की कृती’ असं एक वाक्य लिहा. उदाहरणार्थ: ‘जबडा आवळला की तळपाय जमिनीवर दाबायचे आणि एक श्वास सावकाश सोडायचा.’ श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर भर द्या. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा; नाकाने, आवाज न करता. दोन-तीन वेळा. ओठांचा चंबू करून ‘हुश्श’ केलं तर समोरचा तेही भांडणात जमा करतो.

हे वाक्य शांत असताना रोज पाच वेळा करून बघा: मुद्दाम जबडा आवळा, मग पाय दाबा, श्वास सोडा. कोरडी तालीम वाटते तशीच आहे. तालमीशिवाय ते ऐन वेळी आठवतच नाही. जे ‘मला त्या वेळी सुचतच नाही’ म्हणतात, त्यांनी बहुतेकदा ही तालीमच केलेली नसते.

श्वास सोडल्यावर पुढची पायरी: काय करावंसं वाटतंय ते बघा, आणि करू नका. ओरडावंसं वाटतंय. फोन आपटावासा वाटतोय. ‘तुझ्या आईनेही त्या वेळी…’ हे वाक्य जिभेवर आलंय. ती ओढ वाढते, शिगेला पोचते आणि खतपाणी घातलं नाही तर उतरते. किती वेळात, याचा ठरावीक आकडा नाही. ‘प्रत्येक भावना नव्वद सेकंदांत संपते’ असं सगळीकडे सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. नव्वद सेकंद झाले तरी राग आहेच, म्हणून आपल्यातच काही कमी आहे असं वाटायला लागतं.

लेखी भांडणासाठी वेगळा नियम. उत्तराच्या चौकटीत टाइपच करू नका, अंगठा चुकून ‘सेंड’वर पडतो. नोट्समध्ये लिहा. तिथे वाट्टेल ते लिहा. ग्रुपचा आवाज रात्री बंद ठेवा. ऑफिसच्या मेलमध्ये पत्ता सर्वांत शेवटी भरा.

एका श्वासाने भागत नसेल तर उठून जा, पण सांगून जा: ‘मला आत्ता नीट बोलता येणार नाही. वीस मिनिटांनी बसू.’ परत येण्याची वेळ सांगितली नाही तर तुमचं जाणं समोरच्याला दार आपटून जाण्यासारखंच लागतं. वीस मिनिटं अशासाठी की खवळलेलं शरीर पाच मिनिटांत निवत नाही. सांगितलेल्या वेळी परत या. दोनदा आला नाहीत तर तिसऱ्यांदा तुम्हाला कोणी जाऊ देणार नाही.

त्या वीस मिनिटांत गच्चीवर चाला, भांडी घासा, कपडे घडी घाला. दोन गोष्टी टाळा. एक, भांडण मनात पुन्हा घोळवणं. दोन, उशीवर बुक्के मारून ‘राग बाहेर काढणं’. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे घालणाऱ्यांचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला. नुसते शांत बसलेले त्यांच्यापेक्षा कमी आक्रमक होते.

इशारा: दुचाकीवर किंवा गाडीत असाल तर लक्ष रस्त्यावरच हवं. हँडलवरची पकड सैल करा, एक श्वास सोडा, बस. अंतर्मुख व्हायची ती जागा नाही.

इशारा: गप्प बसणं आणि थांबणं यांची गल्लत करू नका. तीन दिवस अबोला धरणारा माणूस थांबलेला नसतो. तो भांडतोच आहे, फक्त आवाज नाही. आत उकळी तशीच आणि चेहरा शांत, असं दर वेळी होत असेल तर तो सराव दाबण्याचा झाला.

## टप्पा ५: घटना आणि आपण रचलेली गोष्ट वेगळी करणं

शरीर निवल्यावरच हे करा. तापलेल्या डोक्याने केलं तर वकिलासारखे फक्त आपल्या बाजूचे पुरावे गोळा होतात.

वहीत दोन रकाने. डावीकडे, कॅमेऱ्यात दिसलं-ऐकू आलं असतं एवढंच. उजवीकडे, त्यात आपण काय भरलं. समजा शुक्रवारी काकांकडे सत्यनारायण होता, तुम्ही गेला नाहीत. रात्री पावणेअकराला ग्रुपवर काकांचा मेसेज: ‘काही लोकांना वेळच नसतो.’ खाली दोघांचे हसरे इमोजी.

डावा रकाना: हे चार शब्द. दोन इमोजी. उजवा रकाना: हे माझ्याबद्दलच आहे, मला सगळ्यांसमोर खाली पाडायचं होतं, ते दोघंही त्यांना सामील आहेत, गेल्या वर्षी त्यांच्या ऑपरेशनला मी दोन रात्री हॉस्पिटलात होतो ते कोणाला आठवत नाही. मग भावना: अपमान, त्याखाली थोडी शरम, कारण यायला हवं होतं हे तुम्हालाही माहीत आहे.

उजवा रकाना खोटाच असतो असं नाही. काकांनी टोमणा मारलेला असणंच शक्य आहे. पण कोणता भाग माहीत आहे आणि कोणता धरून चाललो आहोत, हे कागदावर दिसलं की उत्तर बदलतं. पाढ्यांच्या नोंदीतला ‘हसला’ हा शब्दही असाच बघा. डाव्या रकान्यात हसणं. उजवीकडे ‘माझी टिंगल करतोय’. मुलं घाबरली, ओशाळली तरी हसतात.

इथेच आणखी एक प्रश्न: राग कोणाचा आहे आणि निघतोय कोणावर? साहेबांना उलट बोलता येत नाही, वडिलांपुढे तोंड उघडायचं नाही, अशा घराघरांत राग नेहमी खालच्या पायरीवर उतरतो: साहेबांचा बायकोवर, बायकोचा मुलावर, मुलाचा धाकट्या बहिणीवर. वड्याचं तेल वांग्यावर. वहीत ‘त्याआधी दोन तासांत काय घडलं’ असा एक रकाना वाढवा. आठवड्याभरात उत्तर समोर येतं.

तपासा: डाव्या रकान्यात विशेषण किंवा क्रियाविशेषण राहिलंय का? ‘खोचकपणे म्हणाले’ यातलं ‘खोचकपणे’ उजवीकडे जाईल.

## टप्पा ६: काय करायचं ते निवडणं

आता तीन वाटा असतात: बोलायचं, काही बदलायचं, किंवा सोडून द्यायचं. सोडून द्यायचं ते खरंच सुटत असेल तरच; दोन दिवसांनी पुन्हा वर आलं तर ते बोलण्याच्या यादीत टाका.

बोलायचं ठरलं तर पुस्तकी साचे वापरू नका. ‘तू असं करतोस तेव्हा मला अमुक भावना जाणवते’ असं आपल्या घरात कोणी बोलत नाही. ऐकणाऱ्याला नाटकी वाटतं. साध्या मराठीत तेच सांगता येतं: ‘दप्तर सोफ्यावर पडलं की माझं डोकं फिरतं. आधी जागेवर ठेव, मग खेळायला जा.’ काय घडलं, मला काय झालं, काय हवंय; तिन्ही आलं.

काकांना ग्रुपवर उत्तर नको. सकाळी फोन: ‘काका, शुक्रवारी यायला जमलं नाही, कामाची पाळी बदलून मिळाली नाही. आधी कळवायला हवं होतं. पण ग्रुपवर वाचून जरा लागलं मला. रविवारी येतो प्रसादाला.’ वडीलधाऱ्यांचा मान राहतो आणि लागलेलंही सांगून होतं. ‘मोठ्यांना काय बोलायचं’ म्हणून गिळलेलं वाक्य बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणावर तरी निघतं.

काही वेळा बोलण्यापेक्षा बदलणं सोपं असतं. पाढे रात्री साडेआठला, दोघंही दमलेले असताना घ्यायलाच हवेत का? सकाळी दूध पिताना दहा मिनिटं घेतले तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

इशारा: राग रास्त असू शकतो. पगार अडवलाय, कोणी अंगचटीला येतंय, वाट्याचं काम दर वेळी तुमच्याच गळ्यात पडतंय. अशा ठिकाणी ‘मी माझ्या प्रतिक्रियेवर काम करतोय’ म्हणत सहन करत राहणं हा या सरावाचा गैरवापर आहे. काही कंपन्या कर्मचाऱ्यांना ध्यानाची सत्रं देतात आणि रात्री अकराचे मेसेज चालूच ठेवतात. तिथे दुरुस्ती मेसेज पाठवणाऱ्याने करायची आहे. सजगतेचा उपयोग इतकाच की तक्रार करताना आवाज आणि कागद दोन्ही तुमच्या हातात राहतात.

तपासा: हेच उत्तर उद्या सकाळी चहा घेऊन झाल्यावरही मी पाठवेन का? ‘हो’ असेल तर आज पाठवायला हरकत नाही.

## टप्पा ७: घसरल्यावर

घसराल. भरपाई त्याच दिवशी करा आणि थोडक्यात: ‘मघाशी ओरडलो, ते चुकलं.’ त्यापुढे ‘पण’ नको. ‘चुकलं, पण तूही…’ म्हटलं की माफी संपते आणि दुसरा डाव सुरू होतो. मुलांची माफी मागितल्याने धाक जातो असं अनेकांना वाटतं. चूक झाल्यावर काय करायचं असतं, हे मुलाला दुसरं कोण दाखवणार?

मग नोंद करा: खूण कुठे निसटली? जबडा कळलाच नव्हता, की कळून पुढे गेलात? पहिलं असेल तर टप्पा २ वर परत जा, दुसरं असेल तर टप्पा ४ ची तालीम वाढवा. ‘इतकं करूनही मी तसाच’ म्हणून स्वतःवर बरसणं हीसुद्धा एक उसळीच आहे. तिलाही नाव द्या, दहापैकी किती ते बघा.

## किती दिवस, आणि फरक कसा ओळखायचा

जॉन काबाट-झिन यांचा अमेरिकेत रचलेला, रुग्णालयांतून शिकवला जाणारा सजगतेचा प्रसिद्ध कार्यक्रम आठ आठवड्यांचा आहे आणि त्यात रोजचा गृहपाठ पाऊण तासाच्या आसपास असतो. आपण दहा मिनिटांवर भागवत असू तर तेवढे आठवडे तरी द्यायला हवेत. ढोबळ वाटणी अशी: पहिले दोन आठवडे टप्पा १ व २, तिसरा नाव देण्याचा, चौथा थांबण्याच्या तालमीचा, त्यानंतर सगळं मिळून.

राग किती वेळा आला हे मोजू नका. सुरुवातीला तो जास्त वेळा आल्यासारखा वाटेल, कारण आधी जो दिसत नव्हता तो दिसू लागतो. मोजायचं हे: आधी ओरडून झाल्यावर कळायचं, आता ओरडता ओरडता कळतं का? ओरडण्याआधी कळतं का? एकदा चिडल्यावर ते किती वेळ पुरतं, संध्याकाळभर की अर्धा तास? निवडलेल्या प्रसंगात सलग दोन आठवडे बहुतेक वेळा तोंड उघडण्याआधी खूण सापडू लागली की दहाच्या मापावर एक-दोन पायऱ्या वरचा प्रसंग घ्या आणि टप्पा २ पासून पुन्हा सुरू करा. नव्या प्रसंगातली खूण बहुधा वेगळी निघते. आठ आठवडे नीट करूनही हात उचलला जातोय, वस्तू फुटतायत, किंवा घरातली माणसं तुमच्या येण्याच्या वेळेला दबकून वागतायत, तर वही घेऊन मानसशास्त्रज्ञाकडे जा. त्या नोंदी दाखवा. पहिल्याच भेटीत त्यांचं निम्मं विचारणं वाचेल.